आनंदकक्षातलं बदक

खेळणी तपासणी केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्यालगतच्या मोठ्या खोलीत, ताई खेळणी मोडायच्या. तेच त्यांचं काम होतं आणि त्या ते जीव ओतून करायच्या. बाजारात जाण्याआधी प्रत्येक खेळणं त्यांच्या टेबलावर यायचं. बाहुली आली की तिचे डोळे चिमट्यात धरून ओढायचे. मोटार आली की ती लोखंडी पत्र्यावर उंचावरून सोडून द्यायची. अस्वल आलं की त्याचे कान पिळायचे, आणि खुळखुळा आला की कृत्रिम लाळेत भिजत घालून त्याचा रंग सुटतो का ते बघायचं. कशाचा काही तुकडा निघालाच, तर तो लहान मुलाच्या घशाच्या मापाने केलेल्या एका नळीत टाकायचा. नळीत मावला की खेळणं नापास. मग ते बनवणाऱ्याने कितीही डोकं आपटलं तरी ताई ऐकत नसत. समोर सगळे त्यांना ताई म्हणत, पाठीमागे मोडतोडताई.

चेहरा त्यांचा असा, की हसण्याचं आणि त्यांचं पिढीजात वैर असावं. जेवणाच्या सुट्टीत कुणी विनोद सांगितला तर ताई त्याच्याकडे अशा बघत, की तो सांगणाराच वरमून डबा आवरायला लागे. घरीही तीच तऱ्हा. नात झाली तेव्हा सुनेच्या मैत्रिणीने हौसेने एक कापडी ससा आणला होता. ताईंनी तो हातात घेतला, शेपटीला एकच हिसका दिला, आणि सुटलेली शेपटी त्या मैत्रिणीच्या हातावर ठेवून म्हणाल्या, “हा घरात नको.” त्यानंतर त्या घरी खेळणं घेऊन यायची कुणाची छाती झाली नाही. नातीला सगळे पिटुकली म्हणत. पिटुकली डबे, झाकणं आणि चमच्यांवर वाढत होती, आणि खरं सांगायचं तर तिचं काही अडत नव्हतं.

सगळं असं रांगेला लागलेलं असताना संचालक एका मोठ्या परिषदेला जाऊन आले.

जाताना ते रिकाम्या डोक्याने गेले होते, त्यामुळे कुणाला त्रास नव्हता. येताना विचार घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि सांगितलं, की खेळणं सुरक्षित आहे का एवढंच आपण आजवर तपासत आलो, पण त्याने मुलाला आनंद होतो का, हे तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ही केंद्राला लाजिरवाणी गोष्ट आहे. यापुढे प्रत्येक खेळण्याची आनंदचाचणी होईल, आणि जे उत्तीर्ण होईल त्याच्यावर केंद्राची आनंदमुद्रा उमटेल. आनंदमुद्रा म्हणजे एक गोल हसरा शिक्का. तो त्यांनी आधीच करवून आणला होता.

लेखापालांनी भीत भीत विचारलं, की आनंद मोजायचा कसा. संचालक म्हणाले, त्यासाठी तज्ज्ञ बोलावला आहे.

तज्ज्ञ म्हणजे विद्यापीठात खेळांचा इतिहास शिकवणारे एक किडकिडीत गृहस्थ होते. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम काहीतरी खुळखुळत असे, बहुधा फासे. केंद्रातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव खेळपंडित ठेवलं. खेळपंडितांनी छान व्याख्यान दिलं. हजारो वर्षांपूर्वीच्या शहरांच्या उत्खननात मातीच्या चिमुकल्या गाड्या सापडतात, पाखराच्या आकाराच्या शिट्ट्या सापडतात, फासे सापडतात आणि लबाडी करायला एका बाजूने जड केलेले फासेही सापडतात, असं त्यांनी सांगितलं. एकेका राजाने अमुक खेळ खेळू नका म्हणून हुकूम काढले, आणि त्या हुकमांवरूनच आज आपल्याला कळतं की लोक तो खेळ किती आवडीने खेळत होते. मग ते थोडं थांबून म्हणाले, की धड खेळणी बहुतेक थडग्यांत सापडतात. ज्या घरांत माणसं राहत होती, तिथे सापडतात ती मोडलेली.

मागच्या रांगेत बसलेल्या ताईंनी या वाक्याला मान वर केली. बाकी व्याख्यानभर त्या आपली नखं बघत होत्या.

“थोडक्यात,” खेळपंडितांनी समारोप केला, “खेळ म्हणजे कुणीही न सांगता माणूस जे करतो ते. कुणी सांगून केलं, की ते काम झालं.”

संचालकांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी लगेच कार्यवृत्तात घालायला सांगितलं: ‘खेळ ही स्वेच्छेने करण्याची बाब असल्याने सर्व संबंधितांनी ती स्वेच्छेने करणे बंधनकारक राहील.’ खेळपंडितांनी काही बोलायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात चहा आला.

आनंदचाचणीला जागा हवी होती, म्हणून ताईंच्या खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली. अलीकडे ताई आणि त्यांची यंत्रं दाटीवाटीने राहिली, पलीकडे आनंदकक्ष झाला. त्याला पिवळा रंग दिला, खाली गादी घातली, दारावर ‘आनंदकक्ष’ अशी पाटी लावली. तिथे आधीपासून ‘शांतता राखा’ अशी एक पाटी होती. ती काढायचं काम कुणाच्या अखत्यारीत येतं हे न कळल्यामुळे ती तशीच राहिली.

आनंद मोजायला यंत्र मिळालं तेही ताईंकडूनच. शिट्ट्या आणि खुळखुळे कानठळ्या बसवणारे नाहीत ना, हे बघायला त्यांच्याकडे एक आवाजमापक होता. तो संचालकांनी उचलून नेला. मूल आनंदलं की हसतं, हसलं की आवाज होतो, आवाज झाला की काटा हलतो, हे त्यांनी खेळपंडितांना फळ्यावर काढून समजावलं. काट्याच्या एका घराला ‘किलबिल’ म्हणायचं ठरलं. आवाजाची नोंद राहावी म्हणून यंत्राला ध्वनिमुद्रकही जोडला. आपला आवाजमापक गेला म्हणून ताई दोन दिवस घुश्शात होत्या. मग आलेल्या मालाचा ढीग वाढला, आणि त्या राग विसरून कामाला लागल्या.

पहिल्या चाचणीला जवळच्या शाळेतली मुलं आणली. त्यांच्याबरोबर त्यांच्या बाई आल्या. या बाईंनी वाटेतच मुलांना दम भरला होता, की सरकारी कचेरीत जातोय, शाळेचं नाव खराब करू नका. मुलं गादीवर हाताची घडी घालून बसली. समोर एक पिवळं प्लास्टिकचं बदक ठेवलं. पोट दाबलं की शिट्टी वाजायची. संचालक दाराच्या काचेतून बघत होते, खेळपंडित कोपऱ्यात स्टुलावर बसले होते.

“खेळा,” बाई म्हणाल्या.

मुलांनी बदक एकमेकांकडे देत एकेकदा दाबलं आणि पुन्हा हाताची घडी घातली. एका मुलीने ते दुसऱ्यांदा दाबलं, तशी बाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. खोलीत शांतता पसरली. दारावरच्या जुन्या पाटीचं कुणी इतकं कधीच ऐकलं नव्हतं.

आणि तेवढ्यात काटा हलला. थोडा नाही, चांगला वर चढला, खाली आला, पुन्हा चढला आणि तिथेच थरथरत राहिला. संचालकांनी काचेला नाक लावलं. मुलांचे चेहरे दगडासारखे होते, पण यंत्र तर काही खोटं बोलत नाही. संचालक बराच वेळ विचार करून म्हणाले, की खरा आनंद आतला असतो, तो चेहऱ्यावर शोधणं ही आपलीच चूक होती. त्या दिवशी बदकाने किलबिलींचा जो आकडा काढला, तो पुढे आलेल्या एकाही खेळण्याला गाठता आला नाही.

खेळपंडित मात्र चाचणी संपल्यावर बाहेर न जाता प्लायवूडच्या भिंतीपलीकडे ताईंच्या खोलीत आले. ताई चिमट्यात त्याच जातीचं दुसरं बदक धरून उभ्या होत्या. त्याची शिट्टी निघून टेबलावर पडली होती.

“मघाशी इथे कोण हसत होतं?” त्यांनी विचारलं.

“इथे मी एकटीच असते,” ताई म्हणाल्या.

“मग तुम्हीच हसत होता.”

ताईंनी त्यांच्याकडे नेहमीच्या नजरेने बघितलं. पण खेळपंडित वरमणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, की मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. कुणीतरी खुदुखुदु हसत होतं, कुणाशी तरी बोलत होतं, आणि मग एकदम मोठ्याने हसलं. ताई म्हणाल्या, तुम्हाला भास झाला असेल. मी इथे इतकी वर्षं काम करते, हसायला आले नाही. आणि त्यांनी निघालेली शिट्टी उचलून नळीत टाकली. ती अलगद आत गेली. ताईंनी बदकाच्या तक्त्यावर ‘नापास’ असा शेरा मारला आणि खेळपंडितांना दाराकडे बोट दाखवलं.

खरी पंचाईत आठवडाभराने झाली. बदकाला आनंदमुद्रा द्यायचा समारंभ ठरला. बदकाच्या कारखानदाराने मांडव, हार, वार्ताहर सगळं बघतो म्हणून सांगितलं. वरच्या खात्यातून मोठे अधिकारी येणार होते. आणि ऐन वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं, की आपल्याच केंद्राने ते बदक नापास केलं आहे. संचालकांनी ताईंना वर बोलावलं. आधी खुर्ची दिली, मग चहा दिला. ताईंना तेव्हाच कळलं, की काहीतरी वेडंवाकडं मागणार.

संचालक म्हणाले, की ताई, आपण सगळे एकाच घरातली माणसं, जरा पुन्हा तपासून बघा.

“शिट्टी निघते, साहेब. मूल तोंडात घालणार.”

“पण आनंद बघा ना त्याचा. असा आनंद आजवर नोंदला गेलेला नाही.”

“घशात अडकली तर आनंदच आनंद,” ताई म्हणाल्या आणि चहा तसाच ठेवून उठल्या.

संचालकांनी मग आवाज बदलला. त्यांनी सांगितलं, की तुमचं मत एका व्यक्तीचं, आणि हा आकडा यंत्राचा. बदकावर मुद्रा उमटणारच. तुमचा शेरा आपण ‘किरकोळ निरीक्षण’ या सदरात घालू. ताई जिना उतरून खोलीत आल्या, पण त्या दिवशी त्यांच्या हातून एकही अस्वल धड मोडलं गेलं नाही.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा पिटुकली स्वयंपाकघराच्या फरशीवर फतकल मारून बसली होती. समोर एक डबा होता. ती डब्याचं झाकण दोन्ही हातांनी ओढत होती, आणि डब्याला दटावत होती, “बघतेच तुला. जातोस कुठे? ये, ये, ये.” झाकण फटकन निघालं तशी ती मागे कोलमडली आणि पोट धरून खिदळली. मग उठून झाकण पुन्हा लावलं आणि पहिल्यापासून सुरू.

“हे काय नवीन?” ताईंनी विचारलं.

सून भाजी चिरत होती. तिने आधी सासूबाईंचा चेहरा बघितला, आणि मग धीर करून म्हणाली, “आई, ती तुमची नक्कल करते. घट्ट बसलेली बरणी उघडताना तुम्ही अश्शाच बोलता. आणि उघडली की हसता.”

“मी?”

“रोज,” सून म्हणाली. “आम्हाला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे.”

ताई पाय धुवायला विसरल्या आणि तिथेच स्टुलावर बसल्या. खेळपंडितांनी भिंतीपलीकडून जे ऐकलं होतं ते सगळं त्यांना आता नीट दिसलं. बाहुलीचा डोळा कुठल्या ओढीला सुटणार याची आधीच पैज लावायची, आणि ती स्वतःशीच. मोटार पत्र्यावर पडायच्या आधी श्वास रोखायचा. नवीन खोकं उघडताना आत काय असेल म्हणून हात शिवशिवायचे. सुट्टीच्या दिवशी दुपारी उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. सगळं केंद्र आनंद शोधत प्लायवूडच्या त्या बाजूला बसलं होतं, आणि या बाजूला आपण सगळी नोकरी खेळण्यात घालवली. त्यांना लाज वाटली. पिटुकलीने झाकण पुन्हा काढलं, तेव्हा त्यांना हसूही आलं आणि ते लपवायला त्यांनी पदर तोंडाला लावला.

आता प्रश्न असा होता, की हे चारचौघांत सांगायचं कसं. न हसणारी बाई ही ताईंची सगळी कमाई होती. त्या चेहऱ्यापुढे भले भले कारखानदार नरम पडत. ती बाई बंद दाराआड बदकांशी बोलते, खिदळते, हे एकदा बाहेर पडलं तर उद्या त्यांच्या शेऱ्याला कोण भीक घालणार? पण न सांगावं, तर ते बदक शिक्का मिरवत घरोघर जाणार होतं. त्या रात्री जेवल्यावर त्यांनी सुनेला एवढंच विचारलं, की माझं हसणं ऐकायला कसं वाटतं. सून म्हणाली, “चांगलं वाटतं. जरा कोंबडीसारखं आहे.”

समारंभाला सभागृह भरलं होतं. संचालकांनी आनंदाची परंपरा या विषयावर लिहून आणलेलं भाषण वाचलं. त्यांनी शिक्का शाईत बुडवला, तेव्हा ताई मागच्या रांगेतून उठून म्हणाल्या, की त्याआधी चाचणीचा आवाज सगळ्यांना ऐकवावा. संचालकांना यात भलंच दिसलं. इतक्या पाहुण्यांसमोर मुलांचं निरागस हास्य घुमणार, याहून काय हवं. त्यांनी मुद्रण लावायला सांगितलं.

आधी बाईंचा ‘खेळा’ असा करडा आवाज आला. मग एकामागून एक बारीक शिट्ट्या, मग बराच वेळ शांतता. आणि मग खुदुखुदु हसणं सुरू झालं. पाहुण्यांचे चेहरे उजळले. त्यामागोमाग स्पष्ट शब्द आले: “शिट्टी गिळून बसलायस होय रे लबाडा? थांब, बघतेच तुला. जातोस कुठे? ये, ये, ये...” आणि नंतर सभागृहभर ते कोंबडीसारखं हसणं पसरलं.

मोठे अधिकारी म्हणाले, की मुलांचा आवाज जरा घोगरा वाटतो.

“तो माझा आवाज आहे,” ताई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज सरळ होता. “भिंत प्लायवूडची आहे. मुलं गप्पच होती. शिट्टी निघाली म्हणून मी हसले. ती नळीत जाते. बदक नापास आहे.”

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. बहुतेक लेखापाल. मग सगळं सभागृह हसायला लागलं, कारखानदारसुद्धा. कोपऱ्यात ठेवलेल्या आवाजमापकाचा काटा टोकाला जाऊन अडकला, पण तो बघायचं कुणाला भान नव्हतं. फक्त संचालक हसले नाहीत. शिक्क्याची शाई त्यांच्या बाहीवर ओघळत होती.

बदक त्या वर्षी नापासच राहिलं. कारखानदाराने शिट्टी पक्की बसवून पुढच्या वर्षी ते परत आणलं. पण ताईंच्या मागे चौकशी लागली. कामाच्या वेळेत हसणे, तेही अनेक वर्षे, तेही विनापरवाना, असा आरोप होता. संचालकांनी तो स्वतः लिहिला होता.

चौकशीला वरच्या खात्यातून एक गंभीर अधिकारी आले. त्यांनी ताईंना आपलं काम नेहमीसारखं करून दाखवायला सांगितलं. ताईंनी एका अस्वलाचा कान पिळला. अधिकारी म्हणाले, नीट दिसलं नाही, पुन्हा. ताईंनी दुसरा पिळला. मग ते म्हणाले, की वस्तुस्थिती समजण्यासाठी मला स्वतः करून बघावं लागेल. त्यांनी आधी कोट काढला, मग चष्मा. जेवणाची सुट्टी झाली तरी दार बंदच होतं, आणि बाहेर जिन्यावर बसलेल्या लोकांना आतून दोन माणसांचं हसणं ऐकू येत होतं. अहवाल आला त्यात लिहिलं होतं: ‘सदर कर्मचारी कामात आनंद घेत असल्याचे आढळले. आनंद कामास बाधक नसला तरी तो बेताने घ्यावा.’

आनंदमुद्रेची योजना मात्र बंद पडली नाही. एकदा सुरू झालेलं काही बंद करायची पद्धत केंद्रात नव्हती. कारखानदारांना आता गुपित कळलं होतं. हसण्याचा आवाज झाला की मुद्रा मिळते ना, मग त्यांनी खेळण्यांच्या पोटातच हसण्याच्या डब्या बसवल्या. बाहुल्या हसायला लागल्या, ट्रक हसायला लागले, साप-शिडीचा पट उघडला की तोही हसायचा. सगळ्यांना मुद्रा मिळाली. मुलांना स्वतः हसायची गरज उरली नाही. त्यांनी नुसतं बसून ऐकायचं. संचालकांना या कामगिरीबद्दल बढती मिळाली आणि ते मोठ्या केंद्रात गेले. तिथे ते गाद्यांची झोपचाचणी सुरू करणार होते.

ताईंच्या टेबलावर आता हसरी खेळणी येतात. पत्र्यावर पडली की बहुतेकांच्या पोटातली डबी सुटते, हसत हसत घरंगळते, आणि नळीत बरोबर मावते. ताई ‘नापास’ लिहितात. खेळपंडित अधूनमधून येतात. ताईंनी एकदा त्यांना बाहुलीचा डोळा ओढायला दिला होता, पण त्यांनी बाहुली अलगद टेबलावर परत ठेवली. इतिहासाच्या माणसाला मोडलेलं चालतं, मोडायचं जमत नाही, असं ताईंनी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि ते त्यांनी खिशातले फासे खुळखुळवत मान्य केलं.

गेल्या महिन्यात ताईंनी पहिल्यांदा घरी एक खेळणं आणलं. चाकांचा लाकडी बैल होता, सगळ्या चाचण्या पास झालेला. सून बघतच राहिली. पिटुकलीने तो हातात घेतला, उलटा केला, शिंगं ओढून पाहिली आणि स्टुलावर चढून फरशीवर सोडून दिला. एक चाक उडालं आणि कपाटाखाली गेलं.

ताई पोटावर आडव्या होऊन कपाटाखाली हात घालू लागल्या. पिटुकलीही शेजारी आडवी झाली. चाक काही हाताला लागेना.

“बघतेच तुला,” ताई कपाटाखाली म्हणाल्या.

सुनेने पोळपाट बाजूला ठेवला, हात पुसले आणि ती लाटणं घेऊन दोघींच्या मध्ये येऊन आडवी झाली.